न्हायच्या दिवशी २३१ केस: बारीक केसांच्या गळतीचा सोलापुरातला एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका बाईचं नाही. सोलापुरात बारीक केसांच्या बायका ज्या तक्रारी, जे रिपोर्ट आणि जे गैरसमज घेऊन येतात, ते एकाच क्रमात बसवून ते जुळवलं आहे. आकडेही अशा प्रकरणांत जसे येतात तसेच घेतले आहेत. एकच प्रकरण इतकं लांबवर मांडण्याचं कारण असं की केसगळतीत कारणांची यादी पाठ असून भागत नाही. कोणतं कारण कधी लागू झालं आणि त्यातलं किती आज शिल्लक आहे, हे तारखा समोर मांडल्याशिवाय कळत नाही.

बाईंचं वय ३३, वजन ५२ किलो. राहणं अशोक चौकाच्या बाजूला, काम शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. दोन मुलं, धाकटं सहा वर्षांचं. केस सरळ, जन्मापासून बारीक, पाठीच्या मध्यापर्यंत म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. डिसेंबरच्या शेवटी त्या आल्या तेव्हा गळती सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंतवळ होतं आणि म्हणणं एकच: "बोरच्या पाण्यानं केसं लई गळायलेत मॅडम."

पाण्यावर संशय येणं साहजिक आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे न्हायला बहुतेक घरांत बोअरचं पाणी वापरलं जातं. ह्यांच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा तपासला तर लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. म्हणजे पाणी वाईट होतंच. पण वाईट पाणी केसाचं काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे आधी वेगळं करावं लागतं.

गळणं, तुटणं आणि विरळ होणं

बोलताना आपण तिन्हीला केसगळतीच म्हणतो. गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढरी गाठ असते. पुष्कळ बायका ती गाठ पाहून मूळच उपटून आलं म्हणून घाबरतात. तसं नसतं. मूळ कातडीत शाबूत राहतं, ती गाठ फक्त मुक्काम संपलेल्या केसाचं बूड असते. तुटलेल्या केसाला गाठ नसते, तो मधूनच तुटलेला असतो आणि लांबी कितीही असू शकते. विरळ होण्यात तर गुंतवळ वाढलेलं नसलं तरी चालतं. तिथे प्रत्येक फेरीत नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवत जातो.

बारीक केसांत ह्या तिन्हींची सरमिसळ होते. जाड केसाचा व्यास ०.०८ मिलिमीटर आणि बारीक केसाचा ०.०५ धरला, तर बारीक केसाच्या छेदाचं क्षेत्रफळ जाडाच्या ३९ टक्केच भरतं. डोक्यावर केसांची संख्या तेवढीच असली तरी शेपटा निम्म्याहून कमी दिसतो. थोडे केस कमी झाले तरी माथ्याची कातडी दिसू लागते, आणि केस तुटतातही लवकर. ह्याच्या उलट, रोगाने बारीक होत चाललेला केस मुळातल्या बारीक केसांत लपून जातो. ह्या प्रकरणातही हे झालं, ते पुढे येईल.

बाईंना सांगितलं की पुढच्या न्हाण्याला मोरीच्या जाळीवर पातळ मलमलीचा तुकडा टाका, सगळे केस गोळा करा, वाळवा आणि पांढऱ्या कागदावर मोजा. काळ्या केसांना पांढरा कागद, पिकलेल्यांना काळा. त्या न्हाण्यात २३१ केस निघाले. आकडा घाबरवणारा आहे, पण त्या न्हातात चार दिवसांनी. निरोगी डोक्यावरूनही दिवसाला ५० ते १०० केस सुटतात आणि घट्ट वेणीत ते तिथेच अडकून राहतात, न्हाताना एकदम बाहेर येतात. रोज ६० धरले तरी चार दिवसांचे २४० होतात. त्यामुळे नुसत्या न्हाण्याच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून मधल्या तीन दिवसांचं गुंतवळही मोजलं. न्हाण्यातल्या २३१ पैकी १८९ केसांना गाठ होती, ४२ तुटलेले होते. तीन दिवसांच्या विंचरण्यात गाठीचे ३३० निघाले. गाठीचे एकूण ५१९, चार दिवसांनी भागले तर रोजचे १३० पडतात. गळती खरीच वाढली होती. पाण्याच्या वाट्याला फार तर ते ४२ येतात. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाच्या पृष्ठभागावर चिकटतं, साबणाशी संयोग होऊन चोथा बनतो, केस खरखरीत होतात, गुंता होतो आणि सोडवताना केस तुटतो. मुळापर्यंत ते पोचत नाही. पाण्यामुळे गाठ असलेला केस गळत नाही.

तीन महिने मागे

डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. ती दोन ते सहा वर्षं चालते, मग दोन-तीन आठवड्यांचा बदल आणि नंतर सुमारे तीन महिन्यांचा विसावा. ह्या विसाव्याला टेलोजेन म्हणतात. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विसाव्यात जातात, पण डोक्यावर टिकून राहतात. दोन-तीन महिन्यांनी खालून नवा केस वर येतो आणि जुना सुटतो. ह्या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव १९६१ साली अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलं. म्हणून पहिला प्रश्न "कोणता शाम्पू वापरता" हा नसतो. गळती नक्की कोणत्या आठवड्यात सुरू झाली हे आधी विचारायचं आणि तिथून तीन महिने मागे जायचं.

ह्यांची गळती नोव्हेंबरच्या मध्यात सुरू झाली. मागे गेल्यावर ऑगस्टचा शेवट येतो. तेव्हा त्यांना डेंग्यू झाला होता, सहा दिवस १०३ पर्यंत ताप. बाईंनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते दुखणं संपलं होतं. तापातून उठून महिना होतो न होतो तोच नवरात्र आलं आणि नऊ दिवसांचा उपास त्यांनी मोडला नाही. उपासात साबुदाणा, बटाटा, चहा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. त्यांच्या वजनाला रोज ४५ ते ५० ग्रॅम लागतात. श्रद्धेला हात लावायची गरज नाही. राजगिरा, दही, दूध आणि भाजलेले शेंगदाणे उपासाला चालतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. पण आजारातून नुकत्याच उठलेल्या बाईने त्या वर्षी उपास केला नाही तरी चालेल, हे घरातल्या कुणीतरी मोठ्याने तिला सांगायला हवं. ती आपणहून म्हणणार नाही.

ताप आणि उपास एवढंच असतं तर गळती तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबायला हवी. पण पाळीचा प्रश्न विचारल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. दोन वर्षांपासून सात दिवस स्राव, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड, गुठळ्या. "बायकांचं असतंयच की," म्हणून हेही सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट कसे फसवतात

बाईंकडे आधीचा रिपोर्ट होता. ताप सुरू झाल्यापासून सातव्या दिवशी काढलेल्या पॅकेज तपासणीत हिमोग्लोबिन १२.८ आणि फेरिटिन ४१२ नॅनोग्रॅम. त्यावरून लोह भरपूर आहे, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. फेरिटिन हा शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा मापक आहे, पण ताप, संसर्ग, सूज ह्यांत तो स्वतःच वर चढतो. डेंग्यूत तर फारच. शिवाय डेंग्यूत रक्त दाट होतं म्हणून हिमोग्लोबिनही असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. तापातल्या फेरिटिनवरून लोहाचा निकाल देणं म्हणजे पुरात नदीची खोली मोजण्यासारखं आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ११.४, लाल पेशींचा सरासरी आकार ७६ आणि फेरिटिन ९ आलं. प्रौढ निरोगी माणसात फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता निश्चित मानतात, आणि केसांसाठी पुष्कळ त्वचारोगतज्ज्ञ ते किमान ४० च्या वर ठेवायला बघतात.

दुसरी फसगत थायरॉइडची. थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक टीएसएच ०.२, म्हणजे कमी, आणि थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक टी-फोर थोडं वाढलेलं. कागदावर थायरॉइड जास्त काम करतंय असं दिसत होतं, आणि त्यानेही केस गळतात. पण नाडी ७४, हाताला थरथर नाही, वजन घटलेलं नाही. चौकशीत कळलं की महिनाभरापासून केसांच्या गोळ्या चालू आहेत, बायोटिन म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, रोज १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे गोळीत त्याच्या ३०० पटींहून जास्त. अनेक प्रयोगशाळांच्या थायरॉइड चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली ह्याबद्दल इशारा दिला होता. गोळी आठवडाभर बंद ठेवून तपासणी पुन्हा केली, टीएसएच २.६. थायरॉइडला काही झालं नव्हतं. ही गोळी चालू असताना रक्त द्यायचं असेल तर प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना आधी सांगा, आणि दोन-तीन दिवस तरी ती थांबवा. तसंही, बायोटिनची कमतरता नसलेल्या बाईला त्या गोळीने केस येतात, ह्याला भक्कम पुरावा नाही.

बी-ट्वेल्व्ह ठीक होतं. ड जीवनसत्त्व १७, ते भरून काढलं, पण गळतीचं खापर त्यावर फोडलं नाही. पाळी नियमित आणि हनुवटीवर राठ केस नाहीत, म्हणून पुरुषी संप्रेरकांच्या महागड्या तपासण्या केल्या नाहीत. बाळंतपण सहा वर्षांपूर्वीचं, इतर औषध चालू नाही.

डोकं तपासताना

ओढ चाचणीला काही यंत्र लागत नाही. सुमारे ६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरायची आणि टोकापर्यंत दाब न सोडता सावकाश ओढत न्यायची. सहा किंवा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. माथ्यावर ८ आले, डाव्या बाजूला ७, उजवीकडे ६, मागे मानेवर ७. सगळीकडून सारखे येणं हे टेलोजेनच्या बाजूने बोलतं. बायकांमध्ये दिसणारा आनुवंशिक विरळपणा मुख्यतः माथ्यावर असतो आणि मागचे केस बहुधा तसेच राहतात. कपाळाच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरचे टोकदार नवे केस दिसत होते. हे चांगलं लक्षण आहे, कारण तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं. चट्टे, लाली, खपल्या, पू, भुवया विरळ होणं ह्यांतलं काही नव्हतं. असतं तर प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं असतं, आणि असं काही दिसलं तर घरी मोजदाद करत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. न्हाण्यातले १८९ केस गाठीने वेगळे केले, लांबीने केले नाहीत. डर्मोस्कोप म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली माथ्यावर थोडे बारीक केस दिसले, ते जन्मजात पोताचे म्हणून सोडून दिले गेले. आईचा भांग चाळिशीतच रुंद झाला होता, ही नोंद कागदावर होती, तरीही.

उपचार आणि त्यातल्या अडचणी

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिलिग्रॅम लोहाची, एक दिवसाआड एक. रोज का नाही, तर एका मात्रेनंतर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते जवळपास दिवसभर आतड्याचं लोह घेणं रोखून धरतं. दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतून जास्त लोह अंगी लागतं आणि पोटालाही कमी त्रास होतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. नंतर दोन तास चहा नाही. सोलापुरात ही अट सगळ्यात अवघड, कारण कामावर पोचल्या पोचल्या चहा येतो. बाईंनी शेवटी गोळी पहाटे पाण्याच्या वेळी उठल्यावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हाच ती नीट लागू पडली. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती रात्री. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. तपासणी न करता लोह सुरू मात्र करू नका. लाल पेशी लहान असण्याचं कारण थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असणं हेही असू शकतं.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफी झाली, स्राव कमी करणारं औषध सुरू झालं. हे केल्याशिवाय लोह देणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं.

तुटणाऱ्या ४२ केसांसाठी न्हाण्याची रीत बदलली. अंगाचा साबण डोक्याला बंद. शाम्पू एका मगात १० मिलिलिटर घेऊन पाण्यात पातळ करायचा आणि फक्त कातडीला लावायचा. कंडिशनर ५ मिलिलिटर, खालच्या अर्ध्या भागालाच, कारण बारीक केसांच्या मुळाशी लावला तर केस चप्प बसतात आणि आणखी विरळ दिसतात. शेवटचे दोन लिटर पाणी साठवलेलं नळाचं. टॉवेल इथलाच, जाड आणि खरखरीत, म्हणून त्याने चोळायचं नाही, ओले केस पिळून डोक्यावर बांधायचे नाहीत. जुन्या मऊ पंचाने टिपायचे. केस जवळजवळ वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून वर सोडवत जायचं. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर धरलं तर ४५ सेंटिमीटर केसाचं टोक पावणेचार वर्षांचं असतं. तेवढी उन्हं आणि तेवढ्या वेण्या सोसलेलं ते टोक मुळाइतकं चिवट असणार नाही.

बाई जाड एरंडेल रात्रभर लावत होत्या. तेही थांबवलं. बारीक लांब केसांत एरंडेल इतकं चिकटतं की ओले केस एकमेकांत अडकून सुटणारच नाही असा गोळा होऊ शकतो. असं झालं तर ती देवीची जट नव्हे, तेलात गुंतलेले केस आहेत. ते निर्धास्तपणे सोडवावे, नाहीच सुटले तर कापावे. तेल लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर अर्धा चमचा खोबरेल, केसांच्या लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि न्हाताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुळाशी मात्र त्याने नवा केस उगवत नाही.

कामावर घट्ट वेणी घालून वर अंबाडा बांधायची सवय होती, मशीनच्या पट्ट्यात केस जाऊ नयेत म्हणून. सुरक्षितता सोडता येत नाही, म्हणून सैल वेणी, कापडी बंद आणि वर सुती रुमाल.

मार्चमध्ये न्हाण्यात ९० केस निघाले, तुटलेले १२. फेरिटिन २४. मे-जूनमध्ये गणवेशाच्या हंगामात कारखान्यात जादा शिफ्ट लागल्या आणि तीन आठवडे गोळ्या चुकल्या. तरीही ऑगस्टच्या शेवटी हिमोग्लोबिन १२.९, फेरिटिन ४६, ओढ चाचणीत एक किंवा दोनच केस. कागदावर सगळं नीट झालं होतं, आणि बाई पहिल्यापेक्षा जास्त खचलेल्या होत्या.

त्यांनी शेपट्याला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं. डिसेंबरात घेर साडेपाच सेंटिमीटर होता, आता ५.१. इथे समजूत काढताना हिशोबच उपयोगी पडतो. उगवलेले नवे केस आठ महिन्यांत आठ-नऊ सेंटिमीटरचे झाले, ते शेपट्यापर्यंत पोचतच नाहीत. शेपटा मोजला की फक्त जुन्या केसांची मोजणी होते. तो सुधारायला दीड-दोन वर्षं लागतात. घेर केसांच्या संख्येच्या वर्गमुळाने बदलतो, हेही लक्षात ठेवावं. ३० टक्के केस गेले तरी घेर १६ टक्केच घटतो.

पण भांग हा शेपटा नव्हे. भांगाजवळचे नवे केस लगेच दिसायला हवेत. डिसेंबरचे आणि ऑगस्टचे फोटो शेजारी ठेवले तर मागच्या बाजूची घनता भरून आली होती, माथ्यावरचा भांग तसाच रुंद होता. आता राहून गेलेली चाचणी केली. पाच दिवस केस न धुता सहाव्या दिवशी धुवायचे, सगळे गोळा करायचे आणि तीन सेंटिमीटर किंवा कमी लांबीचे वेगळे मोजायचे. एकूण ६४ निघाले, म्हणजे गळती संपली होती. त्यांत आखूड ११, म्हणजे १७ टक्के. एकूण शंभराच्या आत आणि आखूड १० टक्क्यांहून जास्त, तर आनुवंशिक विरळपणा धरायचा. डर्मोस्कोपखालीही माथ्यावर जाड-बारीक केसांचं मिश्रण २० टक्क्यांहून जास्त होतं, मागे एकसारखे केस. डेंग्यूच्या गळतीने आधीपासून हळूहळू चाललेला विरळपणा उघडा पाडला होता. पहिल्या महिन्यातच आखूड केस वेगळे मोजले असते, तर बाईंना आठ महिने "सगळं परत येईल" असं सांगितलं गेलं नसतं.

सप्टेंबरपासून मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं केसवाढीचं औषध, २ टक्के, सकाळ-संध्याकाळ एक-एक मिलिलिटर. बारीक केसांवर ते ओघळतं आणि केस चिकट होतात, म्हणून ड्रॉपरने माथ्यावर सहा-सात भांग पाडत थेट कातडीला लावायचं. कातडी कोरडी हवी. रात्रीचं झोपण्याच्या दोन तास आधी, नाहीतर उशीवरून कानशिलाला लागून तिथे लव वाढते. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. बहुतेक जणी इथेच बाटली टाकून देतात. विसाव्यातले केस ढकलून नवे वर येत असतात म्हणून ती वाढते, आणि पुढे ओसरते. ह्यांना आधीच तारीख घालून सांगितलं होतं, तरी चौथ्या आठवड्यात त्या येऊन गेल्याच. गरोदरपणाचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे औषध नाही. छातीत धडधड किंवा पायाला सूज आली तर बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. औषध सोडलं की मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं.

फेब्रुवारीतल्या फोटोत भांगाची पुढची अर्धी रेघ बारीक झाली आहे, मागची अजून नाही. फोटो दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, भांग मधोमध पाडून. फेरिटिन दर सहा महिन्यांनी, आणि ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर किमान सहा आठवडे थांबून. बोअरचं पाणी अजून तेच आहे.